हट्टी रंग

“गेला का रंग?” बाटली त्याच्या हातात देत तिने विचारलं.

“अजून नाही,” तो म्हणाला. “फिका होतो, पण जात नाही.”

“हट्टी आहे.” ती हसली. “आमचाच ना.”

ती कापड कारखान्यात केमिस्ट होती, तो विद्यापीठात संशोधक. झिंक ऑक्साइडची पांढरी पूड तो प्रयोगशाळेत तयार करी. तिचे कण इतके बारीक की पीठसुद्धा त्यांच्यापुढे भरड वाटावं. रंगाच्या सांडपाण्यात ही पूड चिमूटभर टाकायची आणि पाणी उन्हात ठेवायचं. ऊन पडलं की ते कण रंग तोडायला लागतात. स्वतः मात्र आहेत तसेच राहतात. कारखान्याचं लालभडक पाणी नदीत जाण्याआधी स्वच्छ व्हावं, म्हणून हे काम निघालं होतं. दर गुरुवारी तो नमुना न्यायला येई. त्याला आता वर्ष होत आलं होतं.

नमुना म्हणजे एक बाटली. घ्यायची आणि निघायचं. पण तिच्या खोलीबाहेर एक बाक होता, आणि बाकावर चहा येई.

दोघांचीही चाळिशी उलटलेली. त्याचं लग्न राहून गेलं होतं, तिचं होऊन मोडलं होतं. या विषयावर एकदाच बोलणं झालं. त्या दिवशी दोघांचेही चहा तसेच गार झाले.

तिच्या बोटांची टोकं नेहमी लाल असत. ती बोलायला लागली की तो त्या बोटांकडे बघत राही.

“सांडपाण्याची टाकी बघून येऊ का एकदा?” त्याने मध्यंतरी विचारलं होतं.

“वास मारतो तिकडे. आणि गुरुवारी यंत्रं धुवायला काढतात, नुसता राडा असतो. बसा हो.”

त्या ‘बसा हो’वर तो बसला. लांबून मागांचा खडखडाट येत होता.

निघताना फाटकावरचा पहारेकरी त्याला छेडायचा. “काय पाणीवाले, आमचं पाणी काही पचत नाही तुम्हाला!”

परतीची बस पुलावर आली की तो डोळे मिटून घेई. नदी दिसायला नको म्हणून.

एका दुपारी विभागातल्या मोठ्या मॅडम प्रयोगशाळेच्या गच्चीवर आल्या. तिथे काचेची दोन भांडी होती. एकावर काळं कापड होतं. त्यातलं पाणी लाल. दुसरं उघडं, उन्हात. त्याच्या तळाशी पांढरा साका बसला होता आणि वरचं पाणी पिण्याच्या पाण्यासारखं नितळ होतं.

“हे असं कधीपासून होतंय?” मॅडमनी विचारलं.

“पहिल्या आठवड्यापासून.”

“आणि कारखान्याला काय सांगितलंस?”

“रंग जात नाही म्हणून.”

मॅडमनी चष्मा काढला. तो विद्यार्थी होता तेव्हापासून त्या त्याला ओळखत होत्या.

“कोण आहे ती?”

तो भांड्याकडे बघत राहिला.

“नको सांगूस. पण खालच्या अंगाला माणसं त्या नदीचं पाणी भरतात रे. तुझे गुरुवार तुला गोड लागतात, ते त्यांनी का भोगायचे?”

हाच प्रश्न तो पुलावर दर आठवड्याला डोळ्यांआड करत आला होता.

गुरुवारपर्यंत थांबलो तर आपली जीभ उचलणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ती ‘बसा हो’ म्हणेल आणि आपण बसू. म्हणून सोमवारीच त्याने पुडीचा मोठा डबा आणि गाळायचं सामान घेतलं. बसमध्ये तो मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. मी तुमच्याशी खोटं बोललो. पाणी केव्हाच स्वच्छ झालंय. मला फक्त यायचं होतं. तिसरं वाक्य त्याने गाळून पाहिलं. मग बाकीची दोन लंगडी वाटायला लागली, म्हणून परत घातलं.

ती रागावेल. कदाचित एक अक्षरही बोलणार नाही, नुसतं टाकीकडे बोट दाखवेल. ते एक वेळ चालेल. गुरुवार मात्र संपले, एवढं नक्की. पूल आला तेव्हा सवयीने त्याचे डोळे मिटले.

पहारेकरी त्याला बघून खुर्चीतून उठला.

“आज? बाई आज नसतात.”

“नसू दे. त्यांना मी मागाहून भेटेन. मला टाकी दाखवा. रंगाचं पाणी स्वच्छ करायची पूड आणली आहे. आजच सुरू करू.”

पहारेकऱ्याने त्या डब्याकडे पाहिलं. मग मागे वळून कारखान्याकडे पाहिलं. त्याने मान खाजवली.

“तुम्हाला सांगू नका म्हणाल्या होत्या बाई. पण हे एवढं ओझं घेऊन आलात आता...”

“काय सांगू नका?”

“रंगखातं बंद झालं, साहेब. तुम्ही यायला लागलात त्याच्या पुढच्याच महिन्यात. हल्ली इथं नुसतं विणकाम चालतं. बाईंची नोकरी पण तेव्हाच गेली, त्या आता दुसऱ्या गावी नोकरीला असतात.” त्याने आवाज खाली आणला. “गुरुवारची तेवढी रजा काढून येतात. माझ्याकडून खोलीची किल्ली घेतात, बाटलीभर पाण्यात स्वतःच्या हाताने लाल रंग कालवतात, आणि तुम्ही येईपर्यंत त्या बाकावर बसून राहतात.”