खालचा गियर

ऑर्व्हलने जुन्या डिझेल पिकअपला गुरांचा ट्रेलर जोडला आणि हुक बुटाने ठोकून पाहिला. वासरं आत दाटीने उभी होती. फटींमधून त्यांची वाफ बाहेर येत होती. मोंटानातल्या त्या खोऱ्यातून बाजाराला जायचं, तर घाट ओलांडावाच लागे.

त्याची मुलगी थीआ वाकून ट्रेलरची वायर बघत होती. "डॅड, ही उंदरांनी खाल्लीय. ट्रेलरला ब्रेक नाही लागायचे."

"खाऊ देत बिचारे. तुझा स्वयंपाक त्यांनाही जात नसेल."

"लाइलची नवी गाडी घेऊन जा ना."

शेजारचा लाइल कुंपणाशी कॉफी पीत उभा होता. "माझी? डॅशबोर्डवर एक दिवा लागला की गॅरेजात जाऊन बसते ती. ओढायला म्हातारीच हवी."

"ऐकलंस?" ऑर्व्हलने बॉनेटवर थाप मारली. "तू जन्मायच्या आधीपासून ओढतेय. चढाला ओढते, ती उताराला धरणार नाही? खालचा गियर टाकतो."

असं जुनं डिझेल इंजिन उताराला फारसं धरत नाही, हे थीआला ठाऊक होतं. लाइललाही. तो कपात बघत राहिला. त्या खोऱ्यात कुणी कुणाच्या गाडीला नावं ठेवत नसे.

"चाकं खाली राहू देत," थीआ म्हणाली. निघणाऱ्याला तिथे असंच म्हणत.

"तेवढं जमतं मला."

घाट चढणाऱ्या गाडीचा आवाज अंगणापर्यंत यायचा. दोघं ऐकत राहिली. आवाज कुठेच अडखळला नाही. माथ्यावर पोचला, पलीकडे वळला आणि येईनासा झाला.

"काय इंजिन आहे!" लाइल म्हणाला.

ऑर्व्हलचं दफन झाल्यावर लाइलने गाडी दरीतून ओढून काढली आणि अंगणात आणून उभी केली. टप ड्रायव्हरच्या बाजूने सीटपर्यंत खाली आला होता. चालू होते का बघावं म्हणून त्याने फुटक्या खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली.

इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं.

लाइल हसता हसता थांबला. त्याने टोपी काढली.

थीआ खिडकीशी गेली. सीटवर काचा पसरल्या होत्या. इंजिन एवढं गरजत होतं, की तिला ओरडावं लागलं.

"जपून जा, डॅड!"