अख्ख्या गल्लीचा रिमोट

“आजोबा, टीव्ही कुठल्या कंपनीचा?” बाराओना शहराच्या बाजारात रिमोटवाल्यानं विचारलं. “माझा सोड. अख्ख्या गल्लीचे टीव्ही ज्याचं ऐकतील, असा दे,” एलपिदियो आजोबा म्हणाले. बायको गेल्यापासून डॉमिनोच्या टेबलाशी ते एकटेच बसत. पूर्वी लाईट गेली, की सगळे खुर्च्या घेऊन रस्त्यावर येत; आता मेली जातच नव्हती! संध्याकाळी, मालिका ऐन रंगात असताना, ते उघड्या खिडक्यांतून टीव्ही विझवत गेले. “गेली गं बाई लाईट!” ओरडा झाला, खुर्च्या आल्या, सोंगट्या आपटू लागल्या. म्हाताऱ्याला आभाळ ठेंगणं झालं. तेवढ्यात कुणीतरी खेकसलं, “अरे गाढवांनो, पंखा तर फिरतोय!” हसत हसत गल्ली आत पळाली. समोरची एनेइदाबाई तेवढी खुर्चीला चिकटून राहिली. “मालिका बुडेल तुमची,” आजोबा म्हणाले. “माझा टीव्ही कधीचाच बिघडलाय,” सोंगट्या वाटत ती म्हणाली, “बाहेर यायला निमित्त सापडेना.”