टेस्ट शॉट

हिंगणघाटात लग्नाचे फोटो काढणारा अंकुश नवीन लेन्स घेतली की पहिला शॉट मायचाच घ्यायचा. ती दर खेपेला केस विंचरून, धुतलेलं लुगडं नेसून अंगणात बसायची. तो चेहऱ्याशी कॅमेरा नेऊन फोकस तपासायचा आणि फोटो डिलीट करायचा.

"चांगली आली का रे मी?"

"लेन्स मस्त हाये, माय."

माय गेली तेव्हा हार घालायला घरात तिचा एकही फोटो निघाला नाही. अंकुशनं सॉफ्टवेअर लावून जुन्या कार्डातले पुसलेले शॉट परत आणले. एकात फक्त डोळा होता, एकात कपाळावरचं गोंदण, एकात ओठांच्या भेगा. सगळं लख्ख.

हार हातात धरून बहिणीनं स्क्रीनकडे पाहिलं.

"कायले घालू, दादा? डोळ्याले का गोंदणाले?"