दोन याद्या

अनाथाश्रमाची कॉम्प्युटरवरची जुनी फाइल सारखी बंद पडत होती, म्हणून कारकुनाने नवी फाइल काढून सगळी माहिती तिच्यात इम्पोर्ट केली. मुलांची यादी आली, त्यांना जन्म देणाऱ्या आयांचीही आली. पण कॉम्प्युटरने सगळ्यांना नवे क्रमांक दिले आणि कोणतं मूल कोणत्या आईचं, हे सांगणारी जोडणीच तुटली. जुनी फाइल आता उघडतही नव्हती. कागद वाळवीने कधीच खाल्ले होते. समोर पन्नाशीची बाई बसली होती; इथेच वाढलेली, आईचं नाव विचारायला आलेली. "ताई, माझ्याच हातून झालं," तो कसाबसा म्हणाला. "नाव यातच आहे. पण कुठलं, ते देवालाच ठाऊक." बाईने मॉनिटर स्वतःकडे वळवला. आयांच्या यादीत तीनशे बारा नावं होती. "सगळी मोठ्याने वाचते," ती म्हणाली. "एकदा तरी तिचं नाव माझ्या तोंडी येईल."