मंजुळाबाईचा अंगठा

मंजुळाबाईनं डाव्या हातानं पाण्याचा गिलास पुढं केला. जानराव मिस्त्रीनं तो घेतला खरा, पण पाहावं कुठं ते त्याला कळेना. उजवा हात तिनं पदराखाली झाकून ठेवला होता.

"युनियनचे वामनराव येऊन गेले म्हनते," तो म्हणाला.

"हाव. अर्जावर अंगठा दे म्हनत होते. कामावर हात गेला तर कायद्यानं भरपाई भेटते म्हने. बुलढान्याले भरपाईच्या साहेबापुढं जा लागन."

"मंग? देला का अंगठा?"

"तुमाले इचारल्याबिगर कशी देऊ, भाऊ?"

जानरावचा जीव भांड्यात पडला. आणि पडला याची त्याला लाजही वाटली.

दोघंही वडनेर भोलजीचे. लग्न होऊन ती खामगावला आली, तेव्हा तो यंत्रांचा मिस्त्री होता त्या कापसाच्या जिनात तिला कामाला त्यानंच लावलं होतं. तिचे आईबाप गेल्यापासून माहेरचं माणूस म्हणून तोच काय तो उरला होता. वाडीतल्या बाया तिला हसून म्हणत, तुह्यं माहेर त जिनातच हाय.

हंगाम भरात होता. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्राला तिथं रेचा म्हणत. रेच्यात कापूस अडकला की पट्टा उतरवायचा, रेचा थांबवायचा आणि मगच हात घालायचा, असा नियम होता. पण रेचा थांबला की मॅनेजर जानरावावर ओरडायचा, आणि जानराव बायांवर. "चालत्यातच काढा वं बायाहो, थांबवू नका," हे शब्द त्याचेच. त्या दुपारी मंजुळाबाईनं चालत्यातच हात घातला. रुळानं बोटं आत ओढून घेतली. जानराव धावत जाऊन पट्टा उतरवेपर्यंत पांढऱ्या रुईचा रंग बदलला होता.

संध्याकाळी मॅनेजरनं सगळ्यांना गोळा केलं. कसं झालं, असं त्यानं विचारलं आणि उत्तरही त्यानंच दिलं. "बाईनं आपल्या मनानं हात घातला. काय मिस्त्री?" जानरावनं मान हलवली. एवढंच. तोंडानं तो काहीच बोलला नव्हता, अशी तो पुढं कित्येक दिवस स्वतःची समजूत घालत राहिला.

आता गिलास खाली ठेवून तो म्हणाला, "पाह्य मंजुळा, शेटजी देवमानूस हाय. दवाखान्याचं सारं त्याईनंच केलं. त्याईले साहेबापुढं खेचशीन त मन उतरन त्याईचं. पुढच्या साली जिनच बंद ठेवलं त साऱ्या बाया घरी बसतीन. शेटजी आपून होऊन पाह्यतीन तुह्यं. मी हाय ना."

बोलता बोलता त्याला ते खरंच वाटू लागलं.

मंजुळाबाई त्याच्याकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही म्हनता त नाही देत."

वामनराव पुन्हा आले, तिला समजावून थकले, आणि शेवटी यायचे थांबले. दिवाळीला शेटजींकडून एक लुगडं आलं. तेवढंच. निंदणाला जावं तर विळा धरता येईना. भाकरी थापायला शेजारच्या केसरबाईला हाक मारावी लागे. पीठ मळून ठेवलं की मंजुळाबाई चुलीपुढं बसून दुसरीच्या हाताकडं पाहत राही. जानराव आधी अधूनमधून यायचा. मग रस्ता बदलून जाऊ लागला. अर्जाची मुदत कधी टळली, कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

पुढच्या एका दसऱ्याला जिनात यंत्रांची पूजा झाली. शेटजी खुशीत होते. जानरावनं धीर केला.

"शेटजी, मंजुळाबाईचं काही पाह्यजा. तिनं तुमच्यावर केस नाही केली. मीच होऊ देली नाही."

शेटजींनी प्रसादाचा हात मागं घेतला. "तुम्ही? काऊन?"

"जिनाची बदनामी... तुमचं नुकसान..."

"अहो मिस्त्री, माझं काय नुकसान? बायांचा विमा मी कशाला उतरवतो? अर्ज आला असता तर विमा कंपनीनं भरलं असतं. मी वाट पाहून पाहून म्हटलं, बाईलाच नको असेल." त्यांनी मान हलवली. "आता मुदत गेली. आता कंपनी दारात उभं करणार नाही."

जानराव पूजेचा नारळ तिथंच ठेवून निघाला. बाजारातून आपट्याची पानं घेऊन माणसं येत होती, त्याला ओळख देत होती. तो कुणाशी बोलला नाही. थेट मंजुळाबाईच्या दारात गेला.

ती ओसरीवर डाव्या हातानं तूर पाखडत होती. सूप कलंडायचं, दाणे सांडायचे. ते वेचून ती पुन्हा सूप धरायची.

उंबऱ्याशी उभं राहूनच त्यानं सगळं सांगितलं. "शेटजीच्या खिशातलं काही गेलं नसतं, मंजुळा. विम्यानं देलं असतं. मले ठाव नव्हतं वं. तुह्यी आन, खरंच ठाव नव्हतं."

"मले ठाव होतं," ती म्हणाली.

जानरावनं मान वर केली.

"वामनरावानं तवाच सांगलं होतं. पैसे विम्याचे येतात, मालकाचे नाही."

"मंग अंगठा काऊन नाही देला? मी म्हनलो म्हनून?"

मंजुळाबाईनं सूप बाजूला ठेवलं.

"साहेबानं गवाह म्हनून तुमालेच उभं केलं असतं," ती म्हणाली. "तिथं तुम्ही माह्या समोर खोटं बोलले असते, भाऊ. ते मले आयकायचं नव्हतं."