कानातला मणी

शाळेतल्या सभेत शिक्षण खात्याच्या साहेबांनी पुढे केलेला कागद पालकांच्या कानातल्या मण्यांनी गोड आवाजात वाचून दाखवला, ‘शाळा दुरुस्तीसाठी बंद.’ मणी आल्यापासून गावात कुणी वाचायला शिकतच नव्हतं. सगळे अंगठा द्यायला उठले.

घोरपडेबाई मात्र पोरांचे मणी वर्गाच्या दारातच काढून घेत आणि अक्षरांचे आवाज जोडून वाचायला शिकवत. कागद पाहताच त्यांचं डोकं सणकलं. त्यांनी पहिलीतल्या तुळसाला पुढे केलं.

तुळसानं अक्षराखाली बोट धरलं. “शा...ळा... का...य...म...ची... बंद.”

“पोरीचं काय ऐकता? मणी कधी चुकतो का?” साहेब ओरडले.

“चुकत नाही, मुद्दाम खोटं बोलतो!” बाई कडाडल्या आणि पालकांकडे वळल्या. “अंगठे आवरा, मणी काढा. आजपासून तुम्ही सगळे पहिलीत. धरा बोट अक्षराखाली!”