पहिल्या गाण्याचा बास

गाणे सुरू होऊन अर्धे मिनिटही लोटले नसेल, तोच संगीतकार मास्तरांच्या टेबलावरील कपबशी थरथरू लागली. स्टुडिओत बसलेले दोघे वादक एकमेकांकडे पाहून हसले. मास्तरांनी आवाज बंद केला आणि हे गाणे आहे की रस्ता दाबायचा रूळ, असे अत्यंत गंभीर मुद्रेने विचारले.

धाकटीचे तोंड उतरले. स्वतः चाल बांधून, स्वतःच्या संगणकावर एकेक वाद्य जुळवून सिद्ध केलेले हे तिचे पहिलेच गाणे होते. गायली होती तिची वहिनी; ती आणि दादा, दोघेही धाकटीसोबत आले होते. चूक कुठे झाली, हे तिला तत्क्षणी उमगले. तिच्या खोलीखाली छापखाना होता. दिवसभर यंत्रांची घरघर चाले आणि त्या घरघरीत गाण्यातील खर्जाचा बास पार बुडून जाई. म्हणून ऐकू येईपर्यंत ती तो वाढवत गेली होती. या निःशब्द खोलीत छापखाना नव्हता. उरला होता तो केवळ बास.

तिने हे सारे एका दमात सांगितले, आत्ताच बास उतरवून देते म्हणाली आणि ध्वनिमिश्रणाच्या यंत्रासमोरची खुर्ची ओढली. मास्तरांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. ती शिकाऊंची जागा नव्हे, असे ते म्हणाले. तथापि चाल आपल्या मनात भरली आहे, हे त्यांनी लपवले नाही. गाणे इथेच ठेवून जावे, त्यांची माणसे ते नीट करतील. प्रसिद्ध होईल तेव्हा संगीत मास्तरांचे म्हणून लागेल, आणि साहाय्यकांच्या यादीत तिचेही नाव येईल.

दादाने तिला कोपराने ढोसले. एवढ्या मोठ्या माणसाच्या यादीत शिरायला लोक चपला झिजवतात, असे तो तिच्या कानाशी पुटपुटला. वहिनी जमिनीकडे पाहत राहिली.

"विचार कसला करतेस, पोरी? माझा हात लागल्याशिवाय हे कुणी ऐकायचंसुद्धा नाही."

"नसेल ऐकत, मास्तर," धाकटी म्हणाली. "पण बिघडवलंय मी. निस्तरीनही मीच."

तिने पेनड्राइव्ह काढून मुठीत घेतला आणि येते, एवढेच म्हणून ती बाहेर पडली.

रस्त्यावर दादाच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. हातातोंडाशी आलेला घास लाथाडलास, आता बस वर्षानुवर्षे छापखान्याच्या डोक्यावर, इत्यादी. तिने नाक्यावरची टॅक्सी गाठली, वहिनीला हाताला धरून मागे बसवले आणि निघण्यापूर्वी एवढे लावा, म्हणून पेनड्राइव्ह चालकाच्या हाती दिला. दादा धुसफुसत पुढे बसला.

बासाने टॅक्सीची दारे खडखडली. चालक दचकला. धाकटीने मांडीवर वही उघडली आणि बास कुठल्या सेकंदाला वहिनीच्या आवाजावर चढतो, हे ती लिहू लागली. पान भरत आले, तेव्हा गाणे संपले.

"कुणाचं म्हणायचं हे?" चालकाने विचारले.

"माझं," ती मान वर न करता म्हणाली. "अजून जमलेलं नाही. परत लावा."

येणाऱ्याजाणाऱ्यांनी ऐकू नये म्हणून दादाने आपल्या बाजूची काच वर केली. वहिनीने आपल्या बाजूची पार खाली उतरवली.